हौसाचं शेंडेफळ

पेरूच्या बागेच्या अगदी शेवटी एक झोपडी होती. एवढीशी, की झोपताना पाय लांब केले तर दाराबाहेर जावेत! तिथं आठ वर्षांची हौसा आणि तिची आई राहायची. आई सकाळी बागेत कामाला जायची, ती दिवेलागणीला परतायची. हौसाकडे ना बाहुली, ना नवा फ्रॉक. स्वतःचं म्हणावं असं तिच्याजवळ काही म्हणजे काहीच नव्हतं.

शेजारच्या भिवराआजींची ठिपक्याठिपक्यांची कोंबडी, कवडी, खुडूक झाली. खुडूक कोंबडी कशी असते, ठाऊक आहे ना? पिसं फुलवून बसते, जागची हलत नाही, जवळ गेलं की चोच मारते! आजींनी टोपलीत भुसा घातला, अकरा अंडी मांडली आणि कवडीला वर बसवलं.

"हौसे, एकवीस दिवस हिचं दाणापाणी तुझ्याकडे," आजी म्हणाल्या. "आणि आमच्या घरची रीत ऐक. सगळ्यात शेवटी निघालेलं पिल्लू सांभाळणारीचं. ते शेंडेफळ तुझं!"

हौसाला आभाळ ठेंगणं झालं. आपल्या अर्ध्या भाकरीतला तुकडा ती रोज कवडीला भरवायची. कवडी मात्र भाकरी खाऊन वर तिच्याच बोटाला चोच मारायची. नखरेल बया!

एकविसाव्या दिवशी सकाळी टोपलीत टक्‌टक् सुरू झाली. एकामागून एक दहा पिल्लं निघाली. कुणी हळदीसारखं पिवळं, कुणी बदामी, एक तर काळंकुळकुळीत! त्यांचा चिवचिवाट ऐकून कवडी उठली आणि सगळ्यांना घेऊन ऐटीत अंगणात निघाली. टोपलीत उरलं एकटं अकरावं अंडं. त्याला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं, पण पुढं काही होईना. आणि अंडं गार पडू लागलं.

हौसानं ते झटकन उचललं. ते ओंजळीत धरून ती बागेत एका पेरूजवळ, उबदार उन्हात जाऊन बसली. नखानं कवच सोलावं असं तिला फार फार वाटलं. पण मागच्या खेपेला, आजींची दुसरी कोंबडी बसली होती तेव्हा, तिनं तेच केलं होतं हो! मायेनंच केलं, पण आतल्या पापुद्र्यातल्या बारीक शिरा तुटल्या, रक्त आलं आणि पिल्लू तिच्या हातातच गेलं. ते आठवून तिला रडू कोसळलं.

"अगं अगं, किती रडशील?"

हौसानं वर पाहिलं. पेरूच्या पांढऱ्या फुलात एक इवलीशी परी बसली होती. पंख लख्ख सोनेरी, झगा कोवळ्या पानासारखा पोपटी!

"तुझी एक इच्छा मी पुरी करीन," परी म्हणाली. "पण अटी दोन. ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं. आणि या झाडाची सावली त्या पलीकडच्या विहिरीला टेकली, की इच्छा संपली."

"मग हे पिल्लू आत्ताच्या आत्ता..."

"अंहं! विचारलंस त्याला?"

हौसानं अंडं कानाशी नेलं. "पिल्ला, काढू का रे तुला बाहेर?"

आतून अगदी हळू आवाज आला, 'चिऽव'. घाबरलेलं पिल्लू कसं किंचाळतं, हे हौसाला पुरतं माहीत होतं. हा आवाज तसा नव्हता. आईच्या पंखाखाली निजताना पिल्लं कुरकुरतात, तसा होता.

"ते दमलंय," हौसा म्हणाली. "त्याला जरा विसावा हवाय. मी थांबते."

सावली पुढं पुढं सरकत होती. परी म्हणाली, "मग दुसरं काही माग ना. आईसाठी घर माग!"

हौसाचे डोळे चमकले. आईसाठी घर! पण आईला विचारायचं तर बागेच्या पार पलीकडे धावायचं. अंडं घेऊन धावावं तर ते हिंदकळणार, ठेवून जावं तर तोवर त्याला ऊब कोण देणार? तिला खूप वाईट वाटलं, पण तिनं ओंजळ सोडली नाही. ती अंड्यावर हळूहळू श्वास सोडत राहिली.

सावली विहिरीला टेकली. इच्छा संपली.

हौसानं वर पाहिलंसुद्धा नाही. कारण नेमकी तेव्हाच अंड्याला बारीक चीर गेली! पिल्लू थोडं थांबलं, पुन्हा टोचू लागलं, पुन्हा थांबलं. आणि मग कवच बाजूला सारून ओलंचिंब, वाकडंतिकडं, जगातलं सगळ्यात गोड पिल्लू तिच्या तळहातावर लोळलं.

"अगंबाई, तू अजून इथंच?" हौसानं विचारलं.

"जायलाच निघाले होते. पण पाय निघेना," परी हसली. तिचेही डोळे भरले होते. "मागितलेलं द्यायला मला अटी असतात, हौसा. न मागितलेलं द्यायला कसली अट?"

तिनं पंख झटकले. झगमग, झगमग! सोनेरी चूर सगळ्या बागेवर उडाला. झोपडीच्या जागी लाल कौलांचं, दोन खोल्यांचं टुमदार घर उभं राहिलं. सारी बाग उजळली आणि त्या उजेडातच परी दिसेनाशी झाली.

आई धावत आली आणि दारात थक्क होऊन उभी राहिली. हौसाला मात्र तिकडं बघायला सवड कुठली! पिल्लू सुकलं होतं, मऊमऊ झालं होतं. तिनं ते जपून कवडीच्या पंखाखाली सरकवलं. त्याला त्याची आई नको का?

पण ते लगेच बाहेर आलं. धडपडत, पडत, चिवचिवत थेट हौसाच्या पायाशी आलं आणि तिच्या अंगठ्याला बिलगून बसलं.

"घे बाई," आई डोळे पुसत हसली, "माझी एवढीशी लेक आज आई झाली!"