लिंपलेली ढोली

पूर्वी वेत्रनगरीत राजा सुधन्वा राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्या रानात धनेश पक्षी होऊन जन्मला होता. ते रान कुणा एकाचं नव्हतं, भोवतालच्या सगळ्या गावांचं होतं. तिथले वृक्ष आजे-पणज्यांहून जुने.

राजाला लाकडी सभामंडप हवा झाला. अमात्य कालसेन माणसं घेऊन रानात शिरला. म्हणाला, "जुनीच पाडा. म्हातारी झाडं, आज ना उद्या मरायचीच."

म्हातारं माणूस मरायचंच म्हणून कुणी त्याचा गळा दाबतं का? पण अमात्याला विचारणार कोण!

लाकूडतोड्यांची एक रीत होती. घाव घालण्याआधी खोड ठोकायचं आणि म्हणायचं, "रहिवाशांनो, निघा." पाखरं उडाली की झाड मोकळं झालं, पाप लागत नाही. त्यांचा म्होरक्या खदिल यानं एक थोरला बेहडा ठोकला. पोपट उडाले, खारी पळाल्या. त्यानं पहिला घाव घातला.

तोच धनेश येऊन त्या घावातच बसला.

"ऊठ रे बाबा, कापला जाशील!"

"ठोकल्यानं सगळे निघत नाहीत, दादा. वर ढोलीत माझी बायको आहे, पिल्लं आहेत. अंडी घालायला आत शिरते, दार लिंपून घेते, तिची पिसं झडतात. उडणार कशी? मी फटीतून भरवतो, तेवढंच."

कालसेन हसला. "बायकोवेडा दिसतोय! सोडा याचं झाड. बाकीची पाडा."

आत पिल्लं चिरचिरत होती. धनेश नुसता बाजूला झाला असता तरी त्याचं घर वाचत होतं. तो हलला नाही.

"अमात्य महाराज, ढोली जुन्या झाडालाच असते. या रानात कितीजणी अशा कोंडून बसल्यात. माझी एकटी वाचवून मी तिला कुठल्या तोंडानं भरवू?"

"मग पहिलं हेच पाडा! पाखरासकट!"

खदिलानं कुऱ्हाड उचलली. धनेशानं पंख मिटले, मान खाली घातली.

कुऱ्हाड वरच राहिली. ठोकूनही ज्या ज्या झाडातून काहीच उडालं नव्हतं, ती आजवर तोडलेली सगळी झाडं खदिलाला आठवली. त्यानं दांडा अमात्यापुढे धरला.

"धनी, आता तुम्हीच घाला घाव."

एकेकानं आपली कुऱ्हाड खाली ठेवली. कालसेनानं दांड्याला हात लावला नाही. तो तसाच नगराकडे वळला. राजानं सगळं ऐकलं, मंडप बांबूचा बांधला, आणि त्या रानात कुऱ्हाड नेण्याची बंदी केली.

एवढी गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, विहारामागचा जुना वृक्ष तोडायला निघालेला हा भिक्षू तेव्हा कालसेन होता. त्याचा हात धरून अडवणारा हा उपासक खदिल होता. ढोलीतली ती आई आज इथं भिक्षुणी होऊन बसली आहे. घावात बसलेला धनेश मीच. आपलं घर वाचत असतानाही दुसऱ्याच्या घरासाठी जागचं न हलणं, ही मैत्री पारमिता, मैत्रीची पूर्णता."