दस्तगीरचा रोजा आणि मठाची पंगत

सदानाथ महाराजांचा मुक्काम तेव्हा धामणखेडच्या मठात होता. भंडाऱ्याचा दिवस. मठाची रीत अशी, की महाराजांच्या आधी पंगतीनं घास घ्यायचा नाही, आणि शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या आधी महाराजांनी घ्यायचा नाही. त्या दिवशी पाहुणा होता दस्तगीर पिंजारी, आणि महिना रमजानचा!

दस्तगीर मेटाकुटीला आला होता. महाराजांच्या भजनाला बसतो म्हणून जमातीतल्या कडव्या मंडळींनी त्याला बजावलं होतं, मठात जेवलास तर मशिदीची पायरी चढू नकोस. आणि इथं मठाचे कारभारी राघोपंत भर दुपारी, मांडलेल्या पानांसमोर त्याच्यावर उखडले होते.

"मोड तो रोजा, नाहीतर ऊठ. तुझ्यापायी सारी पंगत ताटकळलीय."

"तिकडं म्हणतात भजन सोड, तुम्ही म्हणता रोजा सोड. इकडे आड, तिकडे विहीर. महाराज, जातो मी."

महाराजांनी त्याला हात धरून बसवलं. "रोजा मोडायचा नाही आणि पानावरून उठायचंही नाही. राघोपंत, लेकरांना, म्हाताऱ्यांना वाढा. आम्ही दिवस मावळल्यावर जेवू."

"उन्हाळा आहे, महाराज. भात आंबेल. एका पिंजाऱ्यासाठी अन्न उकिरड्यावर घालायचं?"

"याला हाकललंत तर हा जाईल कुठं? त्या कडव्यांच्याच दारात ना? सगळ्यांशी गोडीनं राहणारा माणूस, आणि तुम्ही नि ते कडवे मिळून त्यालाच ढकलताय," महाराज म्हणाले. त्यांचाही आवाज त्या दिवशी चढला होता.

चुली विझल्या. राघोपंत घडीघडी हंड्यांकडं बघून कपाळावर हात मारून घेत, आणि दस्तगीरला मेल्याहून मेल्यासारखं होई. अन्न नासलं तर खापर आपल्याच माथी फुटणार, ही धास्ती त्याला भुकेपेक्षा जड झाली.

दिवस मावळला. "आता घ्या वास," म्हणत राघोपंतांनी तणतणत हंड्यावरचं झाकण उचललं, तो तोंडावर वाफ आली. भात नुकता चुलीवरून उतरवावा तसा! बोट लावलं तर चटका बसला. काय ही संतांची लीला!

राघोपंत महाराजांच्या पायांवर कोसळले.

"माझ्या पायांशी काय आहे?" महाराज म्हणाले. "दिवसभर ज्याला बोल लावलेत, तिकडं जा."

राघोपंत वळून दस्तगीरपुढं वाकले. त्यानं पाय मागं घेतले. "पंत, पाया कसले पडताय? आधी पाणी द्या. घसा सुकलाय."

मठाचा तांब्या आजवर कधीही पिंजाऱ्याच्या हाती न देणारे राघोपंत धावत गेले, तो भरून आणला, आणि दोन्ही हातांनी पुढं धरून मान खाली घालून उभे राहिले.