रैनूच्या मोहाखाली

“आजा, ह्या झाडाला कळत नाही का?”

इरपा आजानं वर पाहिलं. आजा आमच्या माडिया गावाचा गायता. मातीची, झाडांची, मेलेल्यांची पूजा त्याच्याकडे.

“काय कळायला पाहिजे?”

“रैनू मेला ते.”

मोहावर एक पान नव्हतं, नुसती फुलं. एकेक टपकन खाली पडत होतं. पलीकडे रानातला आंबा मोहरला होता. चारोळीही फुलली होती.

रैनू माझा मोठा भाऊ. भादव्यात त्याला ताप आला. नाल्याला पूर होता. पलीकडे नेता आलं नाही.

हा मोह त्याचा. दरसाल फुलं पडायच्या आधी तो खालचा पाचोळा जाळायचा, जागा झाडून काढायचा. म्हणायचा, फुलाला माती लागायला नको.

यंदा कोणी झाडलं नव्हतं. झाड मात्र कधी नव्हे इतकं फुललं होतं.

“मी तोडतो ह्याला.” मी खांद्यावरची कुऱ्हाड उतरवली.

“तोड.”

“अडवणार नाहीस?”

“माझे गुडघे बघ. मी कुणाला अडवतो?” आजानं हात लावून खोड पाहिलं. “जाड आहे. सांज होईल. भाकर आणलीस का?”

मला राग आला. आजा कशासाठी आला ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडे नवा मोह आधी घरातल्या मेलेल्यांना ठेवतात. सगळ्या घरांचं झाल्याशिवाय गावात कोणी तोंडात टाकत नाही. सगळ्यांचं झालं होतं. आमचं राहिलं होतं. आईनं माझ्या हातात टोपली दिली, मी ती अंगणात फेकली होती.

“गावानं पाठवलं ना तुला? त्यांना मोह खायचाय.”

“हो. पोरं कुरकुर करतात. मलाही खायचाय. ह्या दातांनी आता तेवढाच चावतो.”

“मी ठेवणार नाही.”

“बरं.”

“ठेवला की रैनू मेलेल्यांत बसला.”

“आणि आता कुठे बसलाय?”

…

मी घाव घातला.

पहिल्याच घावाला वरून फुलं सांडली. डोक्यावर, पाठीवर, कुऱ्हाडीच्या दांड्यावर. दुसरा घातला. आणखी सांडली. सगळीकडे तो गोड वास. रैनूच्या हातांना चैतभर हाच वास असायचा.

आजा खाली बसला. पळसाचं पान दुमडून त्यानं द्रोण केला आणि फुलं वेचू लागला. माझ्या पायांच्या अगदी जवळची. डोक्यावर कुऱ्हाड फिरत होती. त्यानं मान वर केली नाही.

“बाजूला हो, आजा. लागेल.”

“मग जपून मार.”

“तिकडे पडलीत की ढीगभर. तिकडची वेच.”

“ती रातची. ही आत्ता पडली.”

मी तिसरा घाव घातला. कुऱ्हाड खोडात रुतली. ओढली. निघेना. पाय रोवून पुन्हा ओढली. निघेना.

आजा वेचतच होता. पाचोळ्यातून एकेक उचलायचा, फुंकर मारायचा, द्रोणात टाकायचा.

मी दांडा सोडला.

“आजा… मेलेल्यांना भूक लागते?”

“मी अजून मेलो नाही. मला काय माहीत?”

“मग कशाला वेचतोस?”

…

आजानं माझ्या घोट्यावर दोन बोटं टेकवली.

“पाय उचल, जोगा. त्याचा वाटा चिरडतोयस.”