रेड्याच्या पाठीवरचा वर्ग

त्या राज्यात तळे एकच होते आणि ते रेड्यांचे होते. कुणी त्यांना दिले नव्हते, त्यांनी कुणाकडून जिंकलेही नव्हते. ते त्यात येऊन बसले होते आणि उठले नव्हते, एवढाच काय तो त्यांचा हक्क. बाकीचे प्राणी काठाकाठाने तोंड घालून तहान भागवीत. उन्हाळा चढला की तळे आकसे, रेडे मात्र होते तेवढेच राहत, आणि मग काठालाही जागा उरत नसे.

असल्या राज्यात शहाण्यांना तोटा नसतो. तिथे एक बगळा होता, पांढराशुभ्र, लांब मानेचा, सबंध दिवस थोरल्या रेड्याच्या पाठीवर बसणारा. त्याने एके दिवशी जाहीर केले की ‘पाणी, गवत आणि सत्ता’ या विषयाचा परिचय वर्ग सुरू होत आहे. पाच दुपारी, एक दिवसाआड, जांभळीखाली. प्रवेश सर्वांना खुला. तळे रेड्यांकडे गेले कसे आणि तिथेच राहते का, हे या वर्गात उलगडून सांगितले जाणार होते.

वर्गाला वानर आले, घोरपड आली, सशांचे एक कुटुंब आले. वानराला प्रश्न विचारण्याची भारी हौस होती. त्याचा प्रश्न उत्तरापेक्षा लांब असे आणि तो संपला तरी त्यात विचारलेले काही सापडत नसे. घोरपडीला रडू लवकर येई. ससे कशालाही मान डोलवीत. पाण्याची ददात यांच्यापैकी कुणालाच नव्हती. वानराला डोंगरापलीकडचा झरा ठाऊक होता, घोरपडीला पाणी फारसे लागत नसे आणि सशांचे दवावर भागे. ज्यांचे घसे खरोखर सुकले होते, ते पाणी शोधायला गेले होते.

गरजेने आलेली अशी एक बेडकीच. तळ्यात खुरांनी सारा गाळ ढवळलेला, म्हणून तिने अंडी घातली होती ती बाहेर, पूर्वेकडच्या एका खळग्यात. तिथे वीतभर पाणी होते. अंड्यांतून पिल्ले बाहेर आली होती, पण त्यांना अजून पाय फुटायचे होते. पाय फुटेपर्यंत पाणी हवे, नाहीतर सगळेच संपले. पहिल्याच दिवशी ती पुढे आली.

“गुरुजी, माजं येकच मागनं हाय.”

वानराने तिला तिथेच अडवले. “इथे गुरुजीबिरुजी काही नाही हं. इथे सगळे समान आहेत. सर म्हणायचं.”

“बरं, सर. माजी पोरं उगवतीच्या खळग्यात हायती. अकरा दिसांत त्यास्नी पाय फुटत्याल. तवर रेड्यांनी तिकडं जाऊ ने, येवडं सांगा की त्यास्नी. तुमी त्यांच्या पाठीवरच बसताय, तुमचं आयकत्याल.”

बगळ्याने डोळे मिटले, मान आत घेतली आणि मग सावकाश बाहेर काढली. “फार मोलाची गोष्ट मांडलीत,” तो म्हणाला. “पण नीट पाहा, ही विनंती आहे. विनंती करणं म्हणजे त्यांचा हक्क मान्य करणं. आपण विनंती करायची नाही. आपण आधी समजून घ्यायचं.”

सशांनी माना डोलावल्या. बेडकीला वाटले, एवढा शिकलेला जीव म्हणतो त्यात काही असेल. ती बसून राहिली. ती खळग्याकडे गेली असती, निदान ओली माती ओढून त्याला बांध घातला असता, तर काही बिघडले नसते. पण वर्ग चुकवला तर आपले म्हणणे मांडायला कोण राहील, या धाकाने ती प्रत्येक दुपारी येत गेली.

दुसऱ्या दुपारचे व्याख्यान जहाल झाले. बगळ्याने रेड्यांचे वाभाडे काढले. त्यांची शिंगे, त्यांचे पोट, त्यांचा आळस, त्यांनी पिढ्यानपिढ्या दाबून धरलेला गाळ, काही म्हणून सोडले नाही. हे सगळे तो रेड्याच्या पाठीवर उभा राहून बोलत होता, कारण तिथून आवाज लांब जातो. खाली रेडा रवंथ करीत होता. त्याला यातले काही कळत नसेल किंवा सगळे कळत असेल, दोन्हीत त्याचे काही जात नव्हते. जांभळीची सावली रेड्यापुरतीच पडे, म्हणून विद्यार्थी उन्हात बसत, आणि एवढे ऊन सोसून आपण शिकतो आहोत याचा त्यांना अभिमान वाटे. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि ओरपून ढेकर देणारेही तिथे होते. किळस यावी असे ते दृश्य होते.

तिसरी दुपार अनुभवकथनाची होती. बगळ्याने बेडकीला मध्ये बसवले आणि सगळे सांगायला लावले. तिने सांगितले. तीन बाभळींच्या पलीकडे, वारुळाच्या डाव्या हाताला, आखूड गवतात तो खळगा आहे. सकाळी पाणी थंड असते, दुपारी कढत होते, तेव्हा पिल्ले वारुळाच्या बाजूच्या सावलीत एकावर एक चढून गोळा होतात. एक पिल्लू लहान आहे, ते मागे राहते. बेडकीने कधी एवढे बोलून दाखवले नव्हते. घोरपड ढसाढसा रडली. वानराने पळसाच्या पानावर नखाने सारे टिपून घेतले, बाभळी तीन की चार हे पुन्हा विचारून घेतले.

“मग सांगताय न्हवं त्यास्नी?” बेडकीने विचारले.

“तुमचं कथन हेच वर्गाचं बळ आहे,” बगळा म्हणाला.

चौथ्या दुपारी ठराव झाला. असा जिवंत विषय नुसता ऐकून भागणार नाही, शेवटचा वर्ग प्रत्यक्ष खळग्यावर भरवायचा. सर्वांनी पाय, शेपट्या, कान वर केले. बेडकी एकटी विरुद्ध होती.

“नगा येऊ,” ती म्हणाली. “माज्या पोरांचं मागलं पाय आत्ता कुटं फुटाय लागल्यात. चार दीस थांबा. आन येनार आसाल तर रेडा नगं. तुमी चालत या.”

वर्गात कुजबुज झाली. सरांनी चालत यायचे?

बगळा मात्र रागावला नाही. “बाई, तुम्ही घाबरू नका. तो येत नाहीये, मी येतोय. तो फक्त आसन आहे.”

हे वाक्य वानराने दोनदा लिहून घेतले. बेडकीने वाट दाखवायला साफ नकार दिला. पण वाट आता कुणालाच नवी नव्हती.

पाचव्या दुपारी सगळे निघाले. पुढे रेडा, त्याच्या पाठीवर बगळा, मागे वर्ग. तीन बाभळी लागल्या, वारूळ लागले. बेडकी खळग्याच्या तोंडाशी बसली होती. रेडा जवळ आला तशी ती उडी मारून त्याच्या खुरापुढे आली आणि घसा फुगवून ओरडली, पुन्हा ओरडली. वर्ग एकदम शांत झाला. हे सादरीकरण आहे, असे त्यांना वाटले. शेवटी कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

ऊन रणरणत होते. रेड्याला समोर ओला चिखल दिसला. त्याच्या मनात वैर नव्हते. त्याने बेडकीच्या बाजूने पाय टाकला, पुढचे गुडघे मोडले आणि तो खळग्यात बसला.

पाणी काठावरून उसळले आणि मातीत जिरून गेले. पिल्ले भोवतीच्या चिखलावर फेकली गेली. इवले मागचे पाय ती झाडत होती.

“पाहा,” बगळा पाठीवरून म्हणाला, “नीट पाहून घ्या. याला म्हणतात विस्थापन. आणि विस्थापनाचं खरं कारण...”

घोरपडीने एक पाय उचलला, इतरांकडे पाहिले आणि तो खाली ठेवला. बेडकी चिखलात इकडून तिकडे उड्या घेत होती. तोंडात मावतील तेवढी पिल्ले तिने उचलली, तीन मावली, आणि ती तळ्याच्या दिशेने निघाली. वानर तिला आडवे गेले.

“या क्षणी तुम्हाला काय वाटतंय, थोडक्यात सांगाल?”

तिने तोंड उघडले नाही. त्याच्या पायांमधून ती निघून गेली. वानराने पानावर लिहिले: ‘पीडित गप्प.’

मग वर्गाच्या ध्यानात आले की सरांचे वाक्य अर्धेच राहिले आहे. बगळा पाठीवरून खाली उतरला होता. पांढरे पंख अंगाशी घट्ट धरून, एकेक पाय उंच उचलून तो चिखलाच्या कडेने फिरत होता. मान झुके, चोच टोचे, मान वर होई आणि गळ्यातून एक लहानसा फुगवटा खाली सरके. रेडा डोळे मिटून रवंथ करीत होता. विद्यार्थी पाने उघडून, नखे टेकवून बसले होते. सरांच्या तोंडात घास होता. तो गिळून झाला की ते कारण सांगणार होते.