धोंडूच्या भल्याची सभा

फार पूर्वी, प्राणी नुकतेच सभा भरवायला शिकले होते, तेव्हाची गोष्ट. धोंडू नावाच्या खवले मांजराला विचार करायला आणि बोलायला जरा वेळ लागे. म्हणून त्याच्या भल्यासाठी रानात सभा भरली. अध्यक्ष गवाआबा त्याच्या शेजारी उभे राहिले, ते नेमके त्याच्या शेपटीवर पाय देऊन.

"आबा... तुमचा..." धोंडू कळवळला.

"त्याला म्हणायचंय, तुमचा आशीर्वाद असू द्या!" मुंगूस म्हणालं. टाळ्या पडल्या.

धोंडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"गहिवरला बिचारा!" म्हणत साळुंकीने त्याला शाल पांघरली.

मग नारळ फुटला. मुंगसाने खोबऱ्याचा भलामोठा तुकडा तोंडात कोंबला, आणि धोंडूला पहिल्यांदाच वाक्य पुरं करता आलं. "आबा, तुमचा पाय... माझ्या शेपटीवर आहे."

आबांनी दचकून पाय उचलला. "अरेरे! बरं, आणखी काय हवंय तुला?"

धोंडू विचार करू लागला. मुंगसाने घाईघाईने खोबरं गिळलं. "त्याला म्हणायचंय..."

आबांनी तोच पाय मुंगसाच्या शेपटीवर ठेवला.

"सावकाश सांग, धोंडू. आम्ही थांबलोय."