येसूची वीत

शिवणीच्या झाडांच्या रानाला टेकून एक इवलंसं गाव होतं. इतकं इवलं, की एका घरी फोडणी पडली की सगळ्या गावाला शिंका यायच्या. गावाच्या शेवटच्या झोपडीत धोंडू सुतार आणि त्याची चिमुकली लेक येसू राहायचे. आई देवाघरी गेलेली. ताटात भाकरी कधी अर्धी, कधी पाऊण. पण येसूकडे एक लाडकी वस्तू होती, तिचा छोटुकला पाट. ती रांगत असताना बाबानं केलेला, वर लाल-पिवळी वेलबुट्टी रंगवलेला. जेवायला ती त्याच पाटावर बसायची, आणि रुसायलासुद्धा.

शेजारच्या बकुळाकाकीला फार वाट पाहून लेक झाली होती. उद्या बारसं होतं, आणि पाळणा करून देईन असा धोंडूनं शब्द दिला होता. पण ऐन वेळी लाकूड कोरताना पटाशी सटकली आणि त्याचा उजवा हात चिरला. हाताला फडकं बांधून तो खिन्न बसून राहिला. "बाबा, तू नुसतं सांग, मी करते," येसू म्हणाली.

धोंडूनं सगळं सांगितलं आणि तापानं त्याचा डोळा लागला. बाजूच्या फळ्या चार विती लांब, हे येसूनं पक्कं ध्यानात ठेवलं. चिमणा पंजा ताणताणून तिनं चार विती मोजल्या आणि दोन्ही फळ्या कापल्या. जोडून बघते तर काय, पाळणा बाळाचा नव्हे, बाहुलीचा वाटत होता.

येसूला रडूच फुटलं. वीत मोजायची ती मोठ्या माणसाची. पण धोंडूला ते सांगायचं सुचलं नाही, कारण त्याच्या घरात ते कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. वाळलेलं लाकूड तेवढंच होतं. आता बाळाला उद्या झोळीत निजवावं लागणार, आणि बाबाचा शब्द मोडणार.

फळ्या छातीशी धरून ती रानात गेली आणि सगळ्यात जुन्या शिवणीखाली मुळूमुळू रडत बसली. तेवढ्यात पानांमधून सोनेरी भुसा भुरभुरला आणि त्यातून अंगठ्याएवढी परी उतरली. रंध्यातून निघालेल्या कुरळ्या छिलक्यांचा घागरा, शिवणीच्या फुलांसारखे पिवळे पंख, आणि कपाळावर लालचुटुक टिकली.

"तीन इच्छा देते," परी म्हणाली, "पण नियम ऐक. मी नवीन लाकूड बनवत नाही. इथलं उचलते, तिथं ठेवते. आणि सूर्य बुडाला की मी गेले."

फळ्या पुरेशा लांब होऊ देत, असं येसूनं मागितलं. परीनं टिचकी वाजवली आणि फळ्या सरसर वाढल्या. येसू हसणार, तोच वर चिरचिराट झाला. शिवणीची एक जाड फांदी गायब झाली होती. तिच्या ढोलीत राहणारी खार गुलाबी पिल्लाला तोंडात धरून खोडाला कशीबशी चिकटली होती.

येसूनं फळ्यांकडे पाहिलं. अगदी मापात होत्या. त्या सोडताना तिला फार वाईट वाटलं. "एका बाळाचं घर मोडून दुसऱ्याचा पाळणा नको," ती म्हणाली. "फांदी परत लाव."

फांदी परत लागली. खारूताई शेपटी फुलवून ढोलीत शिरली. फळ्या पुन्हा आखूड झाल्या आणि इच्छा उरली एकच.

येसूनं डोळे पुसले. तिला काहीतरी आठवलं आणि फळ्या उचलून ती घरी पळाली. परीही मागोमाग भिरभिरत आली. येसूनं भुशातून मघाचे कापलेले तुकडे शोधले. मग आपला लाडका पाट घेतला, शेवटचं एकदा त्यावर बसली, आणि उठून त्याच्या पट्ट्या कापल्या. तुकडा फळीला भिडवायचा आणि सांध्यावर पट्टी ठेवून लाकडी खुंट्या ठोकायच्या. मोडक्या खाटा बाबा अशाच जोडायचा. पण फळीचं दुसरं टोक धरायला कुणीच नव्हतं.

"माझी तिसरी इच्छा," येसू म्हणाली, "तू ते टोक धर."

परी खुदकन हसली. आजवर लोकांनी तिच्याकडे महाल मागितले होते, हातभार कुणी मागितला नव्हता. तिनं घागरा खोचला, इवले पाय रोवले आणि गाल लाल होईपर्यंत फळी धरून ठेवली. ठक ठक ठक. ऊन सरायच्या आत पाळणा उभा राहिला. सांध्यांवर पाटाची वेलबुट्टी अशी बसली, की मुद्दाम काढलेली वाटावी.

"माझ्या जादूपेक्षा हे पक्कं झालंय," परी म्हणाली. सूर्य टेकला आणि झोपडीभर लख्ख उजेड पडला. परीचे हात लागले होते तिथं सोनेरी ठिपके चमकले, एक ठिणगी हळूच झोपलेल्या धोंडूच्या हातावर उतरली, आणि परी त्या उजेडात विरून गेली.

सकाळी धोंडूनं फडकं सोडलं तर जखमेचा मागमूस नव्हता. येसूनं त्याला झालेलं सगळं सांगितलं. तो सांध्यावरून नुसता हात फिरवत राहिला.

बारशाला रिवाजाप्रमाणे पाळण्यात आधी वरवंटा निजवला. वरवंटा चांगला जड, पण सांधा कुरकुरला नाही. मग बाळ आलं, सोनेरी ठिपक्यांकडे बघून हसलं आणि हातपाय पसरून झोपलं. आम्हालाही असाच वेलबुट्टीचा पाळणा हवा, म्हणून बायका धोंडूच्या मागे लागल्या. कुणी लगेच वाळलेलं लाकूड आणून दिलं, कुणी सूपभर पीठ.

संध्याकाळी येसू जेवायला जमिनीवर बसणार, तर तिथं नवाकोरा पाट मांडलेला. तिनं पंजा ताणून तो मोजला. बरोब्बर दोन विती, केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

"दुपारी तू झोपलीस ना, तेव्हा तुझी वीत मापून घेतली," धोंडू म्हणाला. "आता या घरात दोन सुतार आहेत. विचारावं लागेल, कुणाची वीत?"

येसू ऐटीत पाटावर बसली. पुढ्यात अख्खी भाकरी होती.