हात न लावता झडती

कोरलगडाच्या दरवाजात झडती दिली की गाठोडं हलकं होतं, हे साऱ्या मुलखाला माहीत झालं होतं. कुणाचा अडकित्ता जायचा, कुणाची अत्तराची कुपी. एकदा एका वैद्याची मधाची बरणी गेली. तो मध नव्हता, जुलाबाचा काढा होता. त्या दिवशी दरवाजावर दुपारपर्यंत कुणीच पहारेकरी नव्हता.

व्यापारी गडाकडे फिरकेनासे झाले. राजा हंबीरदेव भडकला. त्याने जुने पहारेकरी हाकलले आणि येसूला बोलावलं. ती बायकांच्या मेण्यांची झडती घ्यायची. बारा वर्षांत तिच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती.

राजाने हुकूम दिला. उद्यापासून प्रत्येकाची झडती व्हायला हवी, पण पहारेकऱ्याचा हात कुणाच्याही सामानाला लागता कामा नये. आठ दिवसांत एक जरी हत्यार आत आलं, किंवा एक जरी तक्रार आली, तरी येसूने घरदार घेऊन गड उतरायचा.

हात न लावता झडती कशी होणार, असं दिवाणजींनी हळूच विचारलं. तो आपला प्रश्न नाही, असं राजाने सांगितलं.

येसूने वाद घातला नाही. नव्या पहारेकऱ्यांना तिने बिनखिशाच्या, बिनबाह्यांच्या बंड्या शिवल्या. दरवाजात, सगळ्यांना दिसेल असा एक दगडी ओटा बांधून घेतला. मग नियम सांगितला. आधी प्रवाशाने पहारेकऱ्याची झडती घ्यायची. मग आपलं सामान आपणच ओट्यावर काढायचं, आपणच भरायचं.

पहिल्या दिवशी एका म्हाताऱ्या कासाराने बिचकत पहारेकऱ्याची कंबर चाचपली. दुसऱ्या दिवशी लोक त्यासाठी रांग लावू लागले. काहींना गडावर काही कामही नव्हतं.

आठव्या दिवशी एक घोंगडीवाला आला. त्याने सगळी घोंगडी ओट्यावर पसरली, पण अंथरुणाची वळकटी काही सोडेना. आईने बांधून दिली आहे, वाटेत सोडली तर अपशकुन होतो, म्हणाला.

येसूने आग्रह केला नाही. गड चढून दमला असाल, वळकटीवर जरा टेका, पाणी देते, एवढंच म्हणाली.

घोंगडीवाला अगदी कडेला टेकला.

"नीट बसा की."

"बरा आहे असाच."

"स्वतःच्या अंथरुणावर बसायला भिता, म्हणजे आत काय आहे ते तुम्हाला माहीत आहे," येसू म्हणाली. "सोडा आता."

त्याने वळकटी सोडली. आतून उघडी कट्यार निघाली. पहारेकरी पुढे सरसावले, तसं घोंगडीवाल्याने पागोटं काढलं. तो राजा हंबीरदेव होता. येसूने मुजरा केला.

"मला केव्हा ओळखलंस?"

"चढणीवरच, महाराज. जोडे बदलायचे राहिले होते."

राजाने पायांकडे पाहिलं. जोड्यांवर जरीचं काम होतं. त्याचा चेहरा कडक झाला.

"ओळखून राजाची झडती घेतलीस. मग ही माझी तक्रार समज. गड उतरायची तयारी कर."

येसूने दौत-लेखणी पुढे ओढली.

"तक्रार लिहून घेते, महाराज. फक्त नाव कुणाचं लिहू? घोंगडीवाल्याचं लिहिलं, तर त्याने कट्यार आणली होती, त्याची तक्रार कोण ऐकणार? आणि महाराजांचं लिहिलं, तर महाराज आज या दरवाजातून आलेलेच नाहीत."

राजा ओट्यावर बसला आणि इतका हसला, की पुन्हा उठायला त्याला दोघांचा हात लागला.

तिथेच त्याने येसूला दरवाजाची जमादारी दिली आणि हातातलं सोन्याचं कडं काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती कडं घालून कामावर आली. पहिल्याच प्रवाशाने तिची झडती घेतली आणि हे कुठून आलं, असं विचारलं.

"राजानं दिलं," येसू म्हणाली.

त्याने मान डोलावली आणि आपलं गाठोडं सोडायला घेतलं.